रेघ कुठे गेली? बडोद्यातील मराठी घरांसाठी लहान मुलांचे अक्षरखेळ

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यासारख्या भागात वाढणाऱ्या चार वर्षांच्या मराठी मुलाच्या नजरेसमोरून दिवसभरात तीन लिप्या जातात. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आणि आजीच्या पोथीत देवनागरी असते, दुकानांच्या पाट्यांवर गुजराती असते आणि बालवर्गाच्या दप्तरात बहुधा इंग्रजी मुळाक्षरांचे रंगीत पुस्तक असते. या तिन्हींमुळे मूल गोंधळून जाईल अशी घरच्या मोठ्यांना काळजी वाटते. ती अगदीच निराधार नाही. पण त्या काळजीपोटी मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणे हा उपाय मात्र चुकीचा आहे. मूल अक्षर ओळखते कसे, त्याचा हात लिहिण्यासाठी केव्हा तयार होतो आणि घरातल्या कणीक, रवा, दोरी, पुठ्ठा अशा साध्या वस्तूंनी त्याला मदत कशी करता येते, हे या लेखात पाहायचे आहे.

आरंभीच एक कसोटी सांगून ठेवते, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. कोणताही अक्षरखेळ करून झाल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: मुलाचा हात त्या अक्षराच्या वाटेने गेला का, आणि हात फिरत असताना त्या अक्षराचा उच्चार मुलाच्या कानावर पडला का? मोबाइलवर दिसणाऱ्या कित्येक सुबक कृती या कसोटीला उतरत नाहीत. पुठ्ठ्याचा मोठा 'क' कापून त्यावर कापसाचे गोळे चिकटवले तर मुलाला कापूस चिकटवणे येते, बोटांना व्यायामही होतो, पण 'क' मात्र अनोळखीच राहतो, कारण हात त्याच्या वळणावरून एकदाही फिरलेला नसतो.

अक्षर ही वस्तू नव्हे

वाटी पालथी ठेवली तरी ती वाटीच असते आणि खुर्ची मागून पाहिली तरी ती खुर्चीच असते. वस्तू कशीही फिरवली तरी तिचे नाव बदलत नाही, हे ज्ञान मुलाने पहिल्या दोन-तीन वर्षांत स्वतःहून मिळवलेले असते, आणि अक्षरे नेमका हाच नियम मोडतात. इंग्रजीतला लहान 'बी' आरशात धरला की तो 'डी' होतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंत मुले अक्षर उलटे काढतात त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मेंदू आपला जुना, एरवी अतिशय उपयोगी असलेला नियमच पाळत असतो.

देवनागरीत अशा आरशातल्या जोड्या फारशा नाहीत. आपली अडचण निराळी आहे: आपली अक्षरे बारीकशा खुणेने वेगळी होतात. 'व'च्या पोटात रेघ आली की 'ब' होतो, 'प'च्या पोटात तिरकी रेघ आली की 'ष' होतो, आणि 'घ' व 'ध' किंवा 'म' व 'भ' यांच्यातला फरक तर डोक्यावरची रेघ पुरी आहे की तुटलेली, यावर मुख्यतः अवलंबून असतो. म्हणून आपल्या मुलांच्या नजरेला सवय लावायची ती बारीक खूण पाहण्याची. 'घ'च्या डोक्यावर पुरी टोपी आहे आणि 'ध'चे डोके अर्धे उघडे आहे, असे सांगितले की साडेचार वर्षांच्या मुलाला ते सहज पटते आणि ते घरभर टोप्या शोधू लागते.

एका बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि शब्दातला आवाज दुसरा, असा द्राविडी प्राणायाम देवनागरीत करावा लागत नाही. 'म'चे नाव 'म' आणि आवाजही 'म'. म्हणून आपल्याकडे कानाची तयारी आधी आणि तीही विनासायास होऊ शकते. क-म-ळ असे म्हणत तीन टाळ्या वाजवणे, मुलाच्या नावाला किती टाळ्या पडतात ते मोजणे, आणि थोडे मोठे झाल्यावर शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्या अक्षराच्या भेंड्या खेळणे, यासाठी कागदसुद्धा लागत नाही. ज्या मुलाला 'मासा' आणि 'मांजर' यांची सुरुवात सारखी आहे हे ऐकून कळत नाही, त्याच्यापुढे 'म' लिहून ठेवण्याची घाई करू नये.

मांडवी दोनदा लिहून पाहा

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीचे नाव एकदा गुजरातीत आणि एकदा मराठीत शेजारी शेजारी लिहून पाहावे. म, ड, व ही तिन्ही अक्षरे, वरचे अनुस्वाराचे टिंब, काना आणि वेलांटी, सारे जवळजवळ सारखे दिसते. फरक उरतो तो शिरोरेषेचा, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघेचा. गुजराती लिपीत ती नसते. ग, घ, ट, ठ, त, न, प, य यांचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. उलट क, ख, च, ज, झ, फ, ब, ळ ही व्यंजने आणि अ, इ हे स्वर गुजरातीत वेगळ्या वळणाचे आहेत. गुजराती 'र' तर आपल्या २ या आकड्यासारखा दिसतो, आणि त्यामुळे बालवर्गात गुजराती शिकणारे मूल आपल्या दिनदर्शिकेवरची दोन तारीख 'र' म्हणून वाचते तेव्हा त्याचे काहीच चुकलेले नसते.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की बडोद्यातल्या मराठी मुलाला दोन लिप्या म्हणजे दुप्पट ओझे नाही. सारख्या अक्षरांत शिकायची असते ती एक रेघ, आणि वेगळ्या अक्षरांची संख्या मोजकी आहे. पण रेघेचे काम नीट समजावले नाही तर मूल मराठी लिहितानाही ती गाळते आणि 'घ'-'ध', 'म'-'भ' या जोड्या एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून माझ्या मते इथल्या घरांत शिरोरेषेला स्वतंत्र खेळ हवा.

तो खेळ असा. खिडकीच्या दोन गजांना मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर जाड पांढरी दोरी ताणून बांधावी. जानेवारीत उत्तरायणासाठी आणलेला पतंगाचा कागद उरलेला असतोच. तो पुठ्ठ्यावर चिकटवून वीतभर उंचीची अक्षरे कापावीत, मात्र शिरोरेषेशिवाय. मराठीसाठी हीच अक्षरे कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लटकवायची, आणि गुजरातीसाठी तीच काढून टेबलावर भिंतीला टेकवून उभी करायची. मराठी अक्षरे दोरीला लोंबतात आणि गुजराती अक्षरे जमिनीवर उभी राहतात, एवढे एक वाक्य मुलाच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. 'भ' आणि 'ध' लटकवताना त्यांच्या डोक्यावरच्या उघड्या भागापाशी दोरीवर रंगीत कागदाचा एक छोटा तुकडा घडी घालून बसवावा आणि 'इथे रेघ तुटली' असे सांगावे. कापण्याचे काम मोठ्यांनी करावे, लटकवण्याचे मुलाने. चिमटा दाबताना अंगठा आणि पहिली दोन बोटे वापरावी लागतात आणि पुढे पेन्सिल धरायची असते तीही याच बोटांनी, हा वरकड लाभ. पतंगाचा कागद घेताना मांजा मात्र मुलाच्या आसपासही येऊ देऊ नये; कापलेल्या बोटाने कोणतेच अक्षर काढता येत नाही.

थोडे अवांतर होईल, पण या खेळाला बडोद्यात जुना आधार आहे. संस्थानाच्या दप्तरातले जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत, आणि मोडी लिहिणारे कारकून आधी सबंध ओळीची रेघ ओढून घेत आणि मग अक्षरे तिच्याखाली लिहीत जात. आपण आज देवनागरीत अक्षर आधी काढतो आणि रेघ शेवटी देतो. दोरी आधी बांधून अक्षरे नंतर लटकवणारे मूल नकळत मोडीच्याच रीतीने जात असते. लिहायला लागल्यावर त्याला आजची रीत दाखवावी: आधी डावीकडचे वळण, मग उभा दंड, शेवटी वरची रेघ डावीकडून उजवीकडे.

हात केव्हा तयार होतो

मुलाच्या हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे उतरत येतो. आधी सारा हात हलतो, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी बोटांची टोके. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून टणक होत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात हे काम अजून चालूच असते. साधारणपणे दोनाच्या आसपास मूल पाहून उभी रेघ ओढते, तिसऱ्या वर्षी गोल काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह जमते, त्यानंतर चौकोन आणि पाचाच्या पुढेमागे त्रिकोण. तिरकी रेघ सर्वांत उशिरा येते. हे वेळापत्रक प्रत्येक मुलात थोडे मागेपुढे होते, पण क्रम बहुधा तोच राहतो.

आता 'न' किंवा 'म' डोळ्यांसमोर आणावा. त्यात उभा दंड आहे, आडवी रेघ आहे, लहानशी गाठ आहे. सव्वातीन वर्षांच्या मुलाला दंड आणि रेघ जमेल, गाठ जमणार नाही, आणि 'क्ष' किंवा 'झ' यांची तर गोष्टच सोडावी. तीन वर्षांचे मूल अक्षर ओळखू शकते, बोटाने त्यावरून फिरू शकते, कणकेचे करू शकते, पण पेन्सिलीने दोन रेघांच्या मध्ये ते बसवू शकत नाही. ओळखणे आणि लिहिणे यांत वर्ष-दीड वर्षाचे अंतर पडले तर ते तसे पडू द्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानलेला आहे आणि पहिलीचे वय सहा धरलेले आहे. इतका अवधी हाताशी असताना साडेतीन वर्षांच्या मुलाकडून वही भरून घेण्याचा अट्टहास का व्हावा, हे मला तरी उमगलेले नाही.

धुळाक्षरे

मराठीत 'धुळाक्षरे' हा शब्द आहे आणि तो निव्वळ अलंकार नाही. पाटी-पेन्सिल घरोघरी पोहोचण्यापूर्वी मुले फळीवर पसरलेल्या धुळीत बोटाने पहिली अक्षरे काढत असत. ही रीत आज पुन्हा आणण्यासारखी आहे, कारण धुळीला तीन गुण आहेत: बोटाला घर्षण जाणवते, चूक हात फिरवताच पुसली जाते, आणि पेन्सिल धरण्याचे कौशल्य लागत नाही.

घरी यासाठी गडद रंगाचे, काठ असलेले ताट किंवा ट्रे घ्यावा आणि त्यात बारीक रव्याचा पातळ थर द्यावा. थर जाड झाला तर रेघ बुजते आणि फार पातळ झाला तर बोट नुसते घसरते. तळाचा रंग रेघेतून स्वच्छ दिसेल इतपत ठेवावा. रांगोळी वापरता येते, पण ती दगडाची भुकटी असल्याने तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत आणि तोंडात जाण्याची धास्ती असते. म्हणून रवाच बरा, नाहीतर मीठ, मात्र बोटाला खरचटलेले असेल तर मीठ नको. मुलाने आधी खांद्यापासून हात हलवून हवेत मोठे अक्षर काढावे, मग ताटात. आपण शेजारी बसून अक्षर एकदा सावकाश काढून दाखवावे, समोर बसून नव्हे, कारण समोर बसले की मुलाला ते उलटे दिसते. ही चूक मी स्वतः बरेच दिवस करत होते आणि मुलांचा 'ग' उलटा का येतो म्हणून त्यांच्यावरच वैतागत होते.

दसऱ्याला आपल्याकडे पाटीपूजन होते आणि पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढली जाते. ती सरस्वती मुलाला रव्यात काढू द्यावी. उभ्या रेघा आणि एकचे डोके एवढ्यानेच ती होते, आणि कोणतेही अक्षर येण्याआधी मुलाला आपण काहीतरी पुरे केल्याचे समाधान मिळते.

खरखरीत अक्षरे आणि त्यांचा प्रवास

इटलीच्या वैद्य आणि बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले आणि तिथे गुळगुळीत फळीवर खरखरीत कागदाची अक्षरे चिकटवून मुलांना त्यांवरून पहिली दोन बोटे फिरवायला दिली. डोळा, बोट आणि कान एकाच वेळी एका अक्षरावर आणण्याची ही युक्ती होती. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालमंदिर उघडले आणि या पद्धतीला इथल्या मातीत रुजवले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी. गुजरातीतून काम करून त्यांनी ते शिक्षण पुढे मराठी मुलुखात नेले, १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्यासह अंगणातले खडे, शिंपले, बिया, पाने यांनाच शिक्षणसाहित्य मानले. बडोद्यातल्या मराठी घराला दोन्ही भाषांतून मिळालेला हा वारसा जवळचा वाटावा.

घरी ही अक्षरे करायला सुताराकडचा बारीक पॉलिश पेपर, पुठ्ठा आणि डिंक पुरतो. अक्षर सुमारे चार बोटे रुंद असावे; कागद फार रखरखीत घेतला तर मूल बोट लावायलाच तयार होत नाही. पॉलिश पेपर नसेल तर पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर रवा भुरभुरावा आणि वाळू द्यावे. कुठून सुरू करायचे ते दाखवण्यासाठी अक्षरावर एक हिरवे टिंब द्यावे. मग तीन पायऱ्यांनी जावे. ही रीत माँटेसरींनी सेग्याँ या फ्रेंच वैद्यांकडून घेतली होती. दोन अक्षरे, समजा 'म' आणि 'स', समोर ठेवून आधी 'हा म' असे सांगत बोट फिरवायचे. मग 'म कुठला, दाखव' असे विचारायचे. आणि मूल न चुकता दाखवू लागले की मगच 'हा कुठला?' असा प्रश्न करायचा. बहुतेक घरांत थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात होते, तीही पाहुण्यांसमोर. उत्तर आले नाही तर दुसऱ्या पायरीवर परत यावे, 'अरे, काल तर येत होतं' असे म्हणू नये.

कणीक आणि सोऱ्या

कणकेची अक्षरे मुलांना सर्वांत आवडतात. घडीच्या पोळीची कणीक चालतेच, पण टिकणारी अक्षरे हवी असतील तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे साधारण पाऊण ते एक वाटी पाणी घेऊन घट्ट मळावे. त्याचे लांब वळसे हाताने वळणे हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. चकलीचा सोऱ्या, ज्याला इथे संचा म्हणतात, त्यात जाड शेवेची चकती घालून लांब दोऱ्या काढल्या तर काम आणखी रंगतदार होते. दाबण्याचे काम मोठ्यांनी करावे, आणि पडणारी दोरी उचलून अक्षराच्या वाटेवर मांडण्याचे मुलाने. खाली मोठ्या अक्षराचा कागद ठेवला तरी दोन-चार वेळांनंतर तो काढून घ्यावा.

सोऱ्यातून निघालेली दोरी सलग असते, त्यामुळे मुलाला अक्षर कुठे न उचलता जाते आणि कुठे तुटते हे हाताला कळते. 'ग'ला दोन तुकडे आणि रेघ, 'ठ'ला एक वेटोळे, छोटा दंड आणि रेघ. हे तुकडे मोजणे म्हणजेच अक्षराची रचना समजणे. मिठाची ही कणीक खाऊ देऊ नये आणि गाईला किंवा पाखरांनाही घालू नये, मीठ फार असते. अक्षरे दोन-तीन दिवस वाळवून रंगवता येतात.

चित्र अक्षरात दडलेले असावे

'क कमळाचा' म्हणत शेजारी कमळ काढणे ही आपली जुनी रीत, आणि गुजराती बालवर्गातही 'कमळनो क' असतोच. मात्र शेजारचे चित्र मुलाला शब्द आठवून देते, अक्षराचा आकार आठवून देत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिनिया एरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की चित्र अक्षराच्या आकारातच मिसळलेले असेल आणि त्याच्या नावाची सुरुवातही त्याच आवाजाने होत असेल, तर मुलांना अक्षर-आवाजाची जोडी अधिक चांगली लक्षात राहते. शेजारी वेगळे चित्र असेल तर तसा लाभ होत नाही. तो प्रयोग इंग्रजी अक्षरांवर होता, पण तत्त्व आपल्यालाही वापरून पाहता येते.

मी काही अक्षरे अशी करून पाहिली आहेत. 'न' हा नळ आहे: उभा दंड म्हणजे भिंतीतला पाइप, आडवी रेघ म्हणजे बाहेर आलेली तोटी आणि टोकाची गाठ म्हणजे पडू पाहणारा थेंब. 'प' हा पेला आहे, अर्धा सरबताने भरलेला रंगवावा. 'व' हे दंडाला लागलेले गोल वांगे आहे. 'ळ' मात्र माझा सर्वांत आवडता, कारण मराठीत 'ळ'ने सुरू होणारा शब्द नेहमीच्या वापरात नाही आणि म्हणून पुस्तकांत 'ळ बाळाचा' किंवा 'ण बाणाचा' अशी पळवाट काढावी लागते. 'ळ'ची दोन वेटोळी म्हणजे दोन डोळे. त्यांत बुबुळे काढली की 'डोळे' या शब्दातला आवाज आणि आकार दोन्ही एकत्र येतात. सगळ्याच अक्षरांचे असे चित्र होत नाही आणि ओढूनताणून करूही नये. 'ग'ला सोंड, कान आणि मुकुट चढवून त्याचा सबंध गणपती केला की अक्षर त्यात हरवून जाते.

चमचा कोणत्या च-चा

ध्वनीच्या बाबतीत बडोद्याच्या मराठी मुलासाठी एक खास गुंता आहे. मराठीत 'चमचा', 'चाक' यांतला 'च' दातांजवळून येतो आणि 'चिमणी', 'चेंडू' यांतला टाळूवरून. लिहायचा मात्र दोन्हींना एकच 'च'. 'जहाज' आणि 'जिराफ' यांचेही तसेच. गुजरातीत 'चमची' म्हणताना टाळूचाच 'च' येतो. घरी एक आणि अंगणात दुसरा उच्चार ऐकणारे मूल 'चमचा'चे चित्र पाहून थबकते. यावर उपाय साधा आहे. एका डब्यात चमचा, चाळणी, चाक अशा वस्तू आणि दुसऱ्यात चिमणीचे चित्र, चेंडू, चिंच अशा वस्तू ठेवाव्यात, मुलाने एकेक उचलून मोठ्याने नाव घ्यावे, आणि मग दोन्ही डब्यांवर एकच 'च' चिकटवावा. दोन आवाजांना एक घर आहे, हे त्याला हाताने कळते. गुजराती उच्चाराला चूक म्हणू नये. ती त्या भाषेची बरोबर रीत आहे.

क्रम कोणता घ्यावा

वर्णमालेचा क्रम पाठ म्हणायला सुंदर आहे, शिकवायला नाही. जुन्या शिक्षकांनी 'ग म भ न'पासून सुरुवात केली त्यामागे शहाणपण होते: ही चारही अक्षरे दंड आणि लहान वळण यांच्या एकाच घराण्यातली आहेत, एक जमले की पुढचे सोपे होते. माझी एकच दुरुस्ती आहे. 'म' आणि 'भ' सारखे दिसणारे म्हणून एकाच दिवशी ओळखायला देऊ नयेत. लिहायला शेजारी, ओळखायला आठवडाभराच्या अंतराने. त्याआधी मात्र मुलाच्या स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर घ्यावे, कारण त्याच्यावर त्याची मालकी असते. त्यानंतर दोन-तीन अक्षरांत शब्द होतील अशी निवड करावी: म, न, ग, स, र यांतून 'मन', 'रस', 'सरस', 'नगर' लगेच वाचता येतात. आठवड्याला दोन अक्षरे पुष्कळ झाली.

काना-मात्रांची घाई नको. काना मुलांना लवकर कळतो, आइसक्रीमची एक काडी अक्षराशेजारी उभी केली की झाले. पहिली वेलांटी मात्र उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते, त्यामुळे ती सर्वांत शेवटी घ्यावी. जाड तारेची वेलांटी करून ती अक्षराच्या डाव्या बाजूने वर चढवत 'कि' म्हणायचा खेळ पाच वर्षांनंतर बरा.

ठिपक्यांच्या वह्यांविषयी

मंगळ बाजारात फेरी मारली तर ठिपके जोडून अक्षर गिरवायच्या वह्या ढिगांनी दिसतात. थोड्या प्रमाणात त्या निरुपद्रवी आहेत, पण त्यांच्यावर सारी भिस्त ठेवू नये. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचू न लागलेल्या सुमारे पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे स्वतः काढायला, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला दिली गेली. नंतर तीच अक्षरे पाहताना मेंदूचे चित्रण केले, तेव्हा स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी वाचनाशी संबंधित भाग अधिक जागे झालेले दिसले. अभ्यास थोड्या मुलांवरचा आणि रोमन अक्षरांपुरता आहे, तरी त्यामागचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे: मुलाने स्वतः काढलेला 'म' दर वेळी थोडा वेगळा येतो, कधी लठ्ठ, कधी वाकडा, आणि या सगळ्या वेड्यावाकड्या आकारांतून 'म'पण कशात आहे ते त्याला कळते. ठिपक्यांवरचा 'म' दर वेळी तोच असतो. म्हणून वाकड्या अक्षराला लगेच खोडरबर लावू नये.

साहित्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. राजमा, चणे, मणी, बटणे अक्षरावर चिकटवायला मोहक असतात, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत आणि त्यापुढेही नजर हटवू नये, कारण ते नाकात, कानात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतात. धाकटे भावंड घरात असेल तर खेळ संपताच खालची जमीन झाडून घ्यावी. खेळ दहा-पंधरा मिनिटांचा असावा आणि मूल उठून गेले तर तो तिथेच संपला असे समजावे.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलायला लावू नये. त्याला ताटात किंवा कागदावर डावीकडे मोकळी जागा ठेवून द्यावी, कागद किंचित उजवीकडे कलता ठेवावा, आणि शिरोरेषा त्याने उजवीकडून डावीकडे ओढली तरी चालवून घ्यावे. दोरीला अक्षर लटकले की कोणत्या टोकाने बांधायला सुरुवात केली हे कोणी विचारत नाही.

हाती पेन्सिल केव्हा द्यावी, याचे उत्तर वयापेक्षा मुलाच्या वागण्यात अधिक स्पष्ट मिळते. चिमटा तीन बोटांनी सहज दाबता येऊ लागतो, रव्यातले अक्षर न पाहता काढता येते, आणि नजर घराबाहेरही अक्षरे शोधू लागते. माझ्याकडे येणारी एक साडेचार वर्षांची मुलगी आजोबांबरोबर मांडवीवरून जात असताना एका गुजराती पाटीसमोर थांबली, 'म' तिने बरोबर ओळखला, आणि वर बोट करून विचारले, "आजोबा, याची रेघ कुठे गेली?" दुसऱ्या दिवशी तिला जाड पेन्सिल आणि कोरा कागद दिला. तिने आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली आणि मग तिच्याखाली एक लठ्ठ, वाकडा 'म' टांगला.